शेवटच्या कडव्यातील नाव

मे २०१४ मध्ये ॲपल कंपनीने बीट्स ही हेडफोन बनविणारी कंपनी, तिच्या नुकत्याच सुरू झालेल्या संगीत-सेवेसह, तीन अब्ज डॉलरना विकत घेतली. चार वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये, मुंबईच्या रिलायन्स समूहाने आपले जिओम्युझिक आणि न्यूयॉर्कमध्ये उभे राहिलेले सावन यांचे एकत्रीकरण जाहीर केले व या जोड-सेवेचे मोल एक अब्ज डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रांत अर्थविषयक पानावर आल्या, आणि साहित्याचे विद्यार्थी व अध्यापक ते पान सहसा उलटून पुढे जातात. ते पान आपलेही आहे, असे आम्हांस या लेखात म्हणावयाचे आहे. आपल्या परंपरेत रचनेच्या अखेरीस कर्त्याचे नाव गुंफलेले असे. ध्वनिमुद्रणाच्या सव्वाशे वर्षांत हे नाव गाण्याच्या आतून बाहेर आले, मग बाजूला सरकले आणि पुष्कळदा गळूनच पडले. यंत्राच्या मालकांनी गाण्याचा व्यापार हाती घेण्याचा इतिहास आणि या नावाच्या स्थलांतराचा इतिहास परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत. उदाहरणादाखल आम्ही माहूर घेतो. कारण नाव असलेली आणि नाव नसलेली अशी दोन्ही प्रकारची गाणी तिथे एकाच डोंगरावर, एकाच देवीपुढे गायिली जातात.

माहूर हे आज नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. दुसऱ्या बाजूस तेलंगणातला आदिलाबाद मुलूख. महानुभाव वाङ्मयाच्या वाचकांस हे गाव मातापूर या नावाने परिचित आहे. रेणुका, दत्तात्रेय आणि अनसूया यांची तीन शिखरे, साडेतीन पीठांतील एक पूर्ण पीठ म्हणून रेणुकेची ख्याती, आणि तिचा प्रसाद म्हणून दगडी खलात कुटलेला तांबूल. ज्याच्या त्याच्या हातावर पडणारा तो कुटलेला विडा माहूरला जाऊन आलेल्या कोणाच्याही स्मरणात असतो.

महाराष्ट्रातील गोंधळ्यांत दोन मुख्य शाखा सांगतात: तुळजापूरच्या भवानीचे उपासक ते कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे उपासक ते रेणुराई. गोंधळाची उत्पत्तीही परंपरा माहूरशीच जोडते. परशुरामाने बेटासुर नावाच्या दैत्याचा वध केला, त्याच्याच मस्तकाचे व शिरांचे वाद्य केले आणि ते वाजवीत मातेला, म्हणजे रेणुकेला, वंदन केले. तो पहिला गोंधळ. वाद्याची मालकी कशी मिळते याविषयीची इतकी रोखठोक कथा आम्हांस दुसरी ठाऊक नाही. रा. चिं. ढेरे यांच्या ‘मराठी लोकसंस्कृतीचे उपासक’ या ग्रंथाने गोंधळी, वासुदेव, भुत्ये, पोतराज यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वळविले, हे वाचकांस सांगावयास नको.

गोंधळाचा व्यवहार मात्र येथे ध्यानात घेतला पाहिजे. लग्नकार्य झाले की यजमान गोंधळ्यांना बोलावतो. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, संबळ व तुणतुणे वाजू लागते. गण होतो, नाना ठिकाणच्या देवदेवतांना पाचारण होते, मग आख्यान आणि अखेरीस आरती. रात्र सरते. गोंधळ्याला शिधा व दक्षिणा मिळते ती त्या संपूर्ण रात्रीची. त्यातले एखादे पद वेगळे काढून त्याची किंमत ठरवावी असा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, आणि ते पद कोणी रचले हेही कोणी विचारीत नाही. गाणारा समोर उभा असतो, त्याचे घराणे गावाला ठाऊक असते, ज्याच्यासाठी गायचे तो यजमान पाटावर बसलेला असतो. नाव उच्चारण्याची निकड नसते, कारण माणसे हजर असतात.

त्याच डोंगरावर विष्णुदास या कवीची पदेही गायिली जातात. मूळचा साताऱ्याकडचा हा कवी माहूरला येऊन रेणुकेच्या सेवेत राहिला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने तिच्यावर भावपूर्ण पदे व अष्टके रचली. ती आज घराघरांत म्हटली जातात आणि त्यांच्या अखेरच्या ओळींत विष्णुदास हे नाव येते. (महाभारत रचणारा सोळाव्या शतकातील विष्णुदासनामा निराळा, संत नामदेव त्याहून निराळे, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हे तिघे अधूनमधून एकमेकांच्या घरी वस्तीला जातात.)

ही नाममुद्रा म्हणजे काय, याचा विचार आपण बहुधा छंदाच्या किंवा कर्तृत्वनिर्णयाच्या अंगाने करतो. तिच्याकडे व्यवहाराच्या अंगानेही पाहता येईल. तुकोबांचा अभंग कोणीही म्हणावा, कोठेही म्हणावा, कोणत्याही चालीवर म्हणावा. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, मोल द्यावे लागत नाही. अट एकच, आणि ती रचनेतच शिवलेली आहे: शेवटचा चरण म्हटल्यावाचून अभंग पुरा होत नाही आणि त्या चरणात नाव आहे. गाणे मोफत, पण नाव सक्तीचे. आजच्या कायद्यात नेमके याच्या उलट घडते. गाणे वापरण्याचे पैसे पडतात आणि नाव गाळले तरी गाणे अडत नाही. नाममुद्रेचा गैरवापर होत नसे असे मात्र कोणी समजू नये. थोरांच्या नावावर आपली रचना खपविणारे पुष्कळ होऊन गेले आणि गाथ्यांच्या संपादकांची आयुष्ये ते निवडण्यात गेली. पण तो गैरवापरसुद्धा नावाचे वजन मान्य करूनच होत असे.

१९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास उतरला. त्याने ध्वनिमुद्रित केलेल्या गायिकांत गौहर जान ही सर्वांत प्रसिद्ध. तिच्या तबकड्या ऐकणारास एक गोष्ट चमत्कारिक वाटते. गाणे संपता संपता ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारते. त्या काळच्या इतरही अनेक गायक-गायिकांनी तसे केले. कारण व्यावहारिक होते. मेणाच्या मूळ मुद्रिका जर्मनीत हॅनोव्हरला जात, तबकड्या तिथे छापल्या जात, आणि तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी गायिकांचे आवाज ओळखता येणे शक्य नव्हते. तेव्हा तबकडी कोणाची हे तबकडीनेच सांगावे लागे. आमच्या मते मराठी वाचकाने ही घोषणा नाममुद्रेशेजारी ठेवून ऐकावी. जागा तीच, अखेरची, शब्दही कर्त्याचेच. ती ज्याला ऐकवायची तो मात्र आता श्रोता नव्हता, कारखाना होता. १९०८ मध्ये कलकत्त्याच्या सियालदह भागात कंपनीचा कारखाना सुरू झाला. पुढे अशा घोषणेची गरज उरली नाही आणि नाव गाण्यातून निघून तबकडीच्या मध्यभागी असलेल्या गोल कागदावर गेले. त्या कागदावर ठसठशीत चित्र मात्र कुत्र्याचे होते.

त्या कुत्र्याचीही कथा सांगण्याजोगी आहे. फ्रान्सिस बॅरो या इंग्रज चित्रकाराने काढलेल्या मूळ चित्रात निपर नावाचा कुत्रा नळकांड्यांच्या फोनोग्राफपुढे कान देऊन बसलेला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने ते चित्र घेण्याचे कबूल केले ते या बोलीवर, की त्यातले यंत्र खोडून तिथे कंपनीचा तबकडीचा ग्रामोफोन रंगवावा. चित्रकाराने तसे केले. चित्राचे ५० पौंड व त्याच्या हक्काचे ५० पौंड त्याला मिळाले. आपण ज्याला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ म्हणतो ते चित्र अशा रीतीने मालकाच्या आवाजाचे कमी आणि यंत्राचे अधिक आहे. आवाज तोच ठेवून यंत्र बदलता येते, आणि यंत्र ज्याचे तोच चित्राचा धनी, हा धडा त्या रंगाच्या थराखाली आहे.

ग्रामोफोन कंपनी यंत्रही विकत होती आणि तबकड्याही. घरात ऐकण्याजोगे काही नसेल तर यंत्र कोण घेणार? म्हणून देशोदेशींची गाणी हवी होती, मराठी नाट्यपदे हवी होती, लावण्या व अभंग हवे होते. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत जे बसेल ते घ्यावे असा नियम. अभंग बसे, नाट्यपद आटोपशीर करून बसविता येई. रात्रभराचा गोंधळ बसणे शक्यच नव्हते. त्यातले एखादे पद सुटे करून घ्यावे लागे, आणि सुटे होताक्षणीच ते यजमानावाचूनचे, चौकावाचूनचे, आणि कर्त्याच्या नावावाचूनचे होई. (भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले. एक वर्षाचे अंतर! मराठी रंगभूमीच्या इतिहासकाराला ते चुटपुट लावून जाते.)

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. १९३१ मध्ये ग्रामोफोन आणि कोलंबिया या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या विलीनीकरणातून ई.एम.आय. निर्माण झाली व हिंदुस्थानातील बहुतेक बाजार एका छत्राखाली आला. १९३०च्या दशकात मुंबईत ‘यंग इंडिया’ या छापाने स्वदेशी प्रयत्न झाला. तो वीसेक वर्षे टिकला. गायक व वकील ग. ना. जोशी १९३८ पासून एच.एम.व्ही.त अधिकारी होते आणि त्यांच्या ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आठवणींवाचून मराठी ध्वनिमुद्रणाचा इतिहास लिहिता येणार नाही. कंपनीच्या खुर्चीत गाणारा माणूस बसला की काय फरक पडतो, हे त्या पुस्तकावरून कळते.

रेडिओने मात्र नावाची बूज राखली. आकाशवाणीत गाण्याआधी किंवा नंतर कवी, संगीतकार व गायक यांची नावे सांगण्याचा प्रघात होता. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्यास एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली, आणि ज्यांनी गदिमांचे एकही पुस्तक हाती धरले नव्हते अशा लक्षावधी श्रोत्यांना ‘गीतकार’ हा शब्द आणि त्यामागचा माणूस ठाऊक झाला. निवेदकाच्या तोंडी आलेली ही नाममुद्राच होती. सरकारी प्रसारणाचे दोष आम्हांस अमान्य नाहीत; मंत्री बा. वि. केसकरांच्या कारकिर्दीत चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे बंद झाली व श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. तरीही ज्या संस्थेला गाण्याच्या मिषाने दुसरे काही विकावयाचे नसते तिला नावे वाचून दाखवावयास वेळ असतो, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

कॅसेट आली आणि माहूरसारख्या क्षेत्रांचा ध्वनिमुद्रणाशी खरा संबंध जडला. तबकडीचे यंत्र ज्या घरांत कधी गेले नसते तिथे टेपरेकॉर्डर गेला. गुलशन कुमार यांनी १९८३ मध्ये सुपर कॅसेट्स, म्हणजे टी-सिरीज, काढली. ही कंपनी ध्वनिफितीही बनवी आणि गाणीही काढी. ग्रामोफोन कंपनीचा जुना मेळ तिने स्वस्तात पुन्हा जमविला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील ५२व्या कलमाच्या एका पोटकलमाने तिला हात दिला. मूळ ध्वनिमुद्रण आधी निघालेले असले की सूचना व ठरावीक मानधन देऊन तेच गाणे दुसऱ्या आवाजात काढण्याची मुभा त्यात होती. चित्रपटगीतांना निदान मानधन तरी द्यावे लागे. देवीच्या गाण्यांना, गोंधळाच्या पदांना, आरत्यांना तेही नाही. कारण त्यांचा कर्ता कायद्याच्या नजरेस दिसतच नाही. देवस्थानांच्या पायथ्याशी, जत्रांत, बसस्थानकांवर भक्तिगीतांच्या कॅसेटी विकल्या जाऊ लागल्या, आणि वेष्टनावर गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ हा शब्द छापला जाऊ लागला.

या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. ‘पारंपरिक’ म्हणजे ज्याचा कर्ता कोणी एक नाही ते. हा अर्थ बरोबर आहे व गोंधळाच्या गणाला तो लागू पडतो. पण वेष्टनावर हा शब्द दोन निराळ्या गोष्टी झाकतो. ज्याच्या रचनेत नाममुद्रा होती पण तीन मिनिटांच्या सोयीसाठी शेवटचे कडवे गाळले गेले, तो कवीही ‘पारंपरिक’ होतो. आणि ज्या गोंधळ्याने बापाकडून शिकलेले पद आपल्या हिकमतीने फिरविले, वाढविले, त्याला नवे आख्यान जोडले, तोही ‘पारंपरिक’ होतो. अभ्यासकांच्या परिभाषेतला एक आदराचा शब्द व्यापाऱ्याला पैसे न देण्याचे निमित्त म्हणून इतका उपयोगी पडावा, हे आपल्या शास्त्राला विशेष भूषणावह नाही.

याच दशकाच्या अखेरीस जगाच्या दुसऱ्या टोकाला एक व्यवहार झाला आणि त्यानंतरच्या साऱ्या व्यवहारांचा नमुना ठरला. जपानच्या सोनी कंपनीने १९७९ मध्ये वॉकमन काढून कानाला लावलेले संगीत रस्त्यावर आणले होते. पण चित्रफितींच्या बाजारात तिचे बीटामॅक्स तंत्र, ते चांगले असूनही, व्ही.एच.एस.पुढे हरले. आपल्या यंत्रावर चालणारा माल आपल्या हाती असावा, हा बोध सोनीने त्यातून घेतला आणि जानेवारी १९८८ मध्ये सी.बी.एस. रेकॉर्ड्स ही अमेरिकन कंपनी दोन अब्ज डॉलरना घेतली. तिच्या कोठारातील सर्व गाणी त्यासोबत आली. कॉम्पॅक्ट डिस्कच्या शोधात सोनीची भागीदार असलेल्या फिलिप्सकडे पॉलिग्राम होतीच. म्हणजे १९८०च्या दशकात यंत्रवाले गाणीच विकत घेत होते.

ॲपलने २०१४ मध्ये जे घेतले ते याहून वेगळे होते, आणि तो वेगळेपणाच आम्हांस महत्त्वाचा वाटतो. बीट्स ही रॅप-गायक डॉ. ड्रे आणि ध्वनिमुद्रण-व्यवसायातले जिमी आयोवीन यांनी २००६ मध्ये काढलेली कंपनी. २०११ मध्ये एच.टी.सी. या तैवानच्या फोन-कंपनीने तिचा निम्म्याहून किंचित अधिक हिस्सा घेतला, दोन वर्षांत तो सोडूनही दिला. मग ॲपल आली. तिच्यापाशी २००३ पासून आयट्यून्सचे दुकान होते; तिथे एकेक गाणे ९९ सेंटना विकले जाई. ऐकणारे मात्र गाणी विकत घेणे सोडून महिन्याच्या वर्गणीवर ऐकण्याकडे वळले होते. तीन अब्ज डॉलरना ॲपलला एक वर्गणीची सेवा मिळाली, तीतून जून २०१५ मध्ये ॲपल म्युझिक उभे राहिले, आणि तरुणांच्या कानांवर मिरवणारा एक छाप मिळाला. एकही गाणे मात्र मिळाले नाही! गाणी युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर यांच्याकडेच राहिली. ॲपलने ती भाड्याने घेतली. सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या आयफोनमधून हेडफोन जोडण्याचे छिद्र काढून टाकण्यात आले व त्याच वर्षाअखेर बिनतारी एअरपॉड्स बाजारात आले. सॅमसंगनेही जे.बी.एल. व ए.के.जी. हे छाप बाळगणारी हार्मन कंपनी सुमारे आठ अब्ज डॉलरना घेण्याचे २०१६ मध्येच ठरविले. तिचे लक्ष हेडफोनांपेक्षा मोटारींतील ध्वनियंत्रणेवर अधिक होते. २०२५ मध्ये हार्मनने डेनॉन व मरँट्झ हे जुने छापही आपल्याकडे आणले. गाण्याचे कोठार घेण्यापेक्षा कानापर्यंतची वाट घेणे अधिक किफायतशीर, असा हा सारा हिशेब.

मुंबईत घडले ते याच हिशेबाने, फक्त यंत्राच्या जागी जोडणी आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाले आणि खेड्यापाड्यांत माहितीचा दर कोसळला. गाणी ही त्या स्वस्त माहितीची खपाऊ वस्तू. सावन ही २००७ मधली सेवा. तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे असले तरी आपल्या कानाला ते श्रावणाचे ऐकू येते. एकत्रीकरणात जिओम्युझिकचे मोल सुमारे ६७ कोटी डॉलर धरले गेले होते. ग्राहकाला रिचार्जसोबत आपोआप मिळणाऱ्या एका सोयीचे हे मोल आहे, हे लक्षात घ्यावे. डिसेंबर २०१८ मध्ये जिओसावन हे जोडनाव अवतरले. इतरांचे नशीब निराळे. टाइम्स समूहाच्या ‘गाना’मध्ये २०१८ मध्ये चीनच्या टेन्सेंटसह गुंतवणूकदारांनी ११.५ कोटी डॉलर घातले होते. डिसेंबर २०२३ मध्ये ती सेवा त्याच घरातील रेडिओ कंपनीकडे २५ लाख रुपयांत गेली. व्यवसायाबरोबर देणीही येत असल्याने असे आकडे फसवे असतात. तरी पुण्यामुंबईतल्या एका खोलीच्या घरालाही तेवढे पैसे पुरत नाहीत, हे खरेच. एअरटेलने आपली विंक ही सेवा २०२४ मध्ये बंद करण्याचे ठरविले आणि आपल्या ग्राहकांसाठी ॲपलशी हातमिळवणी केली. उलट दिशेचा प्रवासही एक झाला. ग्रामोफोन कंपनीची वारस सारेगामा हिने २०१७ मध्ये पाच हजार जुनी गाणी आत भरलेले ‘कारवाँ’ हे पेटीवजा यंत्र काढले. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. गाण्यांच्या धन्याने यंत्र केले आणि ते आजी-आजोबांना भेट म्हणून खपले.

या सगळ्यांत माहूरचे पद कोठे आहे? ते सर्वत्र आहे. कोणत्याही सेवेत रेणुकेचे किंवा माहूरगडाचे नाव लिहून शोधावे, गाण्यांची लांबलचक यादी समोर येते, आणि नवरात्रात घरोघरी ती वाजते. दूरदेशी असलेल्या मराठी कुटुंबाला तिथल्या पहाटे देवीची आरती ऐकता येते. हे सुख लहान नाही व आम्ही ते नाकारीत नाही. पण त्या यादीत दिसते काय? चित्र, गाण्याचे शीर्षक, गायकाचे किंवा संग्रहाचे नाव. गीतकाराचे नाव पाहण्यासाठी आणखी एकदोनदा बोट टेकवावे लागते, आणि तिथेही ते असेलच असे नाही. २०२० मध्ये हिंदी चित्रपटसृष्टीतील स्वानंद किरकिरे, वरुण ग्रोव्हर, कौसर मुनीर आदी गीतकारांनी एक गाणे करून आपल्या नावाची मागणी केली. ज्यांची नावे पडद्यावर येतात, ज्यांच्या हक्कांसाठी २०१२ मध्ये कायदा दुरुस्त झाला व मानधनाचा हक्क सोडून देण्याची सक्ती करणारे करार निरर्थक ठरले, त्यांना ही पाळी आली. मग रेणुराई गोंधळ्याची कथा काय?

त्याच्या बाजूने कायदा अगदीच गप्प आहे असे नाही. १९९४च्या दुरुस्तीने सादर करणाऱ्याचा हक्क मान्य केला; रचना पारंपरिक असली तरी गाणाऱ्याचे गाणे त्याचे असते. पण हा हक्क बजावण्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत त्याचे नाव हवे, आणि ती नोंद भरतो गाणे चढविणारा. एकरकमी पैसे घेऊन एका दिवसात बारा पदे गाऊन घरी परतलेल्या माणसाला त्या तक्त्यातील रकाने कोणी वाचून दाखवीत नाही. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने वर्षात हजारापेक्षा कमी वेळा ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मोबदला देणे बंद केले आहे. ज्या आख्यानाला गाव रात्रभर जागते ते हजार वेळा तुकड्यांनी ऐकले जाईल याची शाश्वती कोण देणार? कंपन्यांची खरेदी-विक्री होते तेव्हा नोंदींचे हे कोठार इकडून तिकडे जाते, भाड्याचे करार नव्याने होतात किंवा संपतात. ज्या नोंदीत नाव रिकामे होते ती प्रत्येक हस्तांतरानंतर अधिकच रिकामी होत जाते, कारण विचारावे असा माणूस दर वेळी एक पायरी दूर जातो.

दोष सारा कंपन्यांच्या माथी मारून मोकळे होणे मात्र आम्हांस प्रशस्त वाटत नाही. आपल्या लोकसाहित्याच्या कित्येक संकलनांत ओव्या आहेत, प्रस्तावना आहेत, संपादकाचे नाव मुखपृष्ठावर आहे. सांगणाऱ्या बाईचे नाव नाही. ‘एका वृद्धेकडून ऐकलेले’ एवढीच नोंद. व्यापाऱ्याने ‘पारंपरिक’ हा शब्द कोठून उचलला, असा प्रश्न पडला तर उत्तरासाठी फार लांब जावे लागणार नाही.

याला अपवाद आहे, आणि तो मराठीतच आहे. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करीत आले आहे. यंत्र तेच, संगणक तोच, जाळे तेच. ओवीला मुळात नाममुद्रा नसते. ती दळणारीच्या श्वासाबरोबर येते आणि पीठ पडले की संपते. पण या संग्रहात नोंदीचे रकाने आखणाऱ्यांनी गाणारीचे नाव, गाव, जात व तिची माहिती यांना ओवीइतकेच आवश्यक मानले. मराठवाड्यातील माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्या बायका त्या नोंदींत आपापल्या नावानिशी आहेत. एखादीची ओवी काढली की तिचे नाव बरोबर येते, ते वगळून ओवी निघत नाही.

गोंधळाच्या पदांसाठी अशी नोंद करावयाची तर रकाने थोडे वेगळे लागतील: पद कोणाकडून शिकले, घराणे रेणुराई की कदमराई, कोणत्या गावी व कोणाच्या घरच्या कार्यात गायिले, संबळावर कोण होते, आणि रचनेत नाममुद्रा असल्यास शेवटचे कडवे पुरे घेतले आहे की नाही. नांदेड-लातूरकडच्या महाविद्यालयांतून दर वर्षी मराठीचे विद्यार्थी लोकसाहित्याचा प्रकल्प करतात. त्यांच्या प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र असते, आणि नवरात्रात माहूरचा डोंगर चढणाऱ्यांत त्यांतले कित्येक असतातच.